विमान कंपनीची कॅडेट पायलट योजना: मलाजखंडहून अर्ज, कागदपत्रे आणि खरा खर्च

आधी पैशाचे बोलू. विमान कंपनीच्या कॅडेट पायलट योजनेत तुमच्या प्रशिक्षणाचे पैसे कंपनी भरत नाही, तुम्ही भरता. कंपनी उमेदवार निवडते, ठरवून दिलेल्या फ्लाइंग स्कूलकडे पाठवते आणि ‘सगळ्या अटी पूर्ण केल्यात तर नोकरीसाठी विचार करू’ असे सशर्त पत्र देते. सध्याच्या दराने टाईप रेटिंगसह, म्हणजे ठराविक विमानाच्या खास प्रशिक्षणासह, हे सगळे एक कोटी रुपयांच्या वर जाते. स्वतःच फ्लाइंग स्कूल निवडून भारतात नुसते कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, काढले तर साधारण पन्नास ते सत्तर लाख लागतात. मधला फरक तुम्ही कंपनीच्या नावासाठी, टाईप रेटिंगसाठी आणि त्या सशर्त पत्रासाठी मोजता. कधी तो मोजण्यासारखा असतो, कधी नसतो. पत्र वाचल्याशिवाय ठरवू नका.

पूर्ण खर्च कंपनीने उचलण्याच्या योजना जगात आहेत. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये सुरू केलेली स्पीडबर्ड पायलट अकॅडमी तशी आहे. पण तिच्यासाठी ब्रिटनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क लागतो. भारतीय पासपोर्टवर घरबसल्या तिथे अर्ज चालत नाही. कोणी एजंट ‘परदेशी कंपनीची फुल स्पॉन्सरशिप’ म्हणून तुमच्याकडून प्रोसेसिंग फी मागत असेल, तर फोन ठेवून द्या.

कुठे अर्ज करायचा

फक्त विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या करिअर विभागात, किंवा तिथे नाव दिलेल्या प्रशिक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर. तिसरी जागा नाही. नागपूर, रायपूर, जबलपूरला ‘कॅडेट सीट पक्की’ सांगणारे क्लास आहेत. ते परीक्षेची तयारी करून घेऊ शकतात, सीट देऊ शकत नाहीत.

मलाजखंडला सगळ्यात जवळ पडते ते गोंदियाचे बिरसी विमानतळ. बैहरचा घाट उतरून बालाघाट, तिथून गोंदिया. स्वतःची गाडी असेल तरी अख्खी सकाळ धरा. बिरसीला भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था, म्हणजे एनएफटीआय, उभी केली. इंडिगोच्या कॅडेटांचे प्रशिक्षण सीएईमार्फत इथे झाले आहे. मध्य प्रदेशातच सागरजवळ ढाना इथे चाइम्स एव्हिएशन अकॅडमी आहे, तिचेही इंडिगोशी कॅडेट योजनेसाठी नाते आहे. एअर इंडियाने अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर स्वतःची प्रशिक्षण संस्था काढायचे २०२४ मध्ये जाहीर केले: दोनशे कोटींहून जास्त गुंतवणूक, वर्षाला १८० वैमानिक, ३४ प्रशिक्षण विमाने. प्रवेश केव्हा आणि कशा अटींवर, हे एअर इंडियाच्या संकेतस्थळावर वाचा. वर्तमानपत्रातल्या बातमीवर पैसे भरू नका.

कंपनी आणि संस्थांच्या जोड्या बदलत राहतात. मागच्या वर्षी शेजारच्या मुलाला गोंदिया मिळाले म्हणून तुम्हाला मिळेलच असे नाही. निवड देशपातळीवर होते, बालाघाट-गोंदियाच्या मुलांना बिरसीत प्राधान्य नाही. तुम्हाला परदेशातल्या भागीदार संस्थेचा पर्यायही दाखवला जाईल. त्या खर्चाचे पुढे सांगतो.

अर्जाच्या आधी: मेडिकल

क्रम उलटा करू नका. बहुतेक घरांत आधी अर्जाची फी भरली जाते, मग कोचिंगची, मग मुलाखतीसाठी प्रवास होतो, आणि शेवटी मेडिकलमध्ये रंगांधळेपणा निघतो. रंगांधळेपणा औषधाने जात नाही. सगळे पैसे पाण्यात.

म्हणून पहिला खर्च क्लास २ मेडिकलचा करा. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, यादीतल्या डॉक्टरांकडेच होते. यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. मलाजखंडकरांना नागपूर सोयीचे. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान आणि श्रवण, डोळे आणि रंगदृष्टी एवढ्या तपासण्या होतात. डॉक्टरची फी आणि लॅबचे पैसे वेगवेगळे असतात, फोनवर दोन्ही विचारून घ्या. चष्मा असला म्हणून आपोआप बाद होत नाही, ठराविक मर्यादेपर्यंत चालतो. नंबर वाढता असेल तर आधी स्थानिक नेत्रतज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी करून जा. रंगदृष्टीची पुस्तकातली चाचणी तर बालाघाटचा नेत्रतज्ज्ञही करून देईल. दहा मिनिटांचे काम आहे. नागपूरच्या आधी तेच करा.

त्यानंतर क्लास १. सीपीएल हातात पडायला आणि विमान कंपनीत उडायला हेच लागते. पहिल्यांदा होणारी क्लास १ तपासणी कुठल्याही डॉक्टरकडे होत नाही, डीजीसीएने ठरवलेल्या केंद्रांतच होते. दिल्लीचे एएफसीएमई आणि बंगळुरूचे आयएएम ही त्यातली जुनी ठिकाणे. तारीख मिळायला आठवडे जातात. दिल्लीला गोंदियाहून छत्तीसगड किंवा गोंडवाना एक्सप्रेस, बंगळुरूकडे कोरबा-यशवंतपूर वैनगंगा एक्सप्रेस. परतीचे तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचे काढू नका. एखादी तपासणी पुन्हा करायला सांगितली तर मुक्काम वाढतो. तात्पुरते अनफिट ठरवले तर घाबरू नका, कारण आणि मुदत लिहून दिलेली असते. क्लास १ चाळिशीच्या आत दर बारा महिन्यांनी नव्याने करावे लागते. हा खर्च नोकरी लागेपर्यंत तुमचाच.

मेडिकल लपवण्याचे सल्ले ऐकू नका. जुना दमा, फिट, कानाची शस्त्रक्रिया जे असेल ते सांगा. उशिरा उघड झाले तर लायसन्स जाते आणि कर्ज मात्र राहते.

कागद

बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवेत. कॉमर्स किंवा जीवशास्त्र घेतले असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन विषय वेगळे देऊन पास होण्याचा रस्ता आहे, हजारो मुलांनी तो वापरला आहे. विमान कंपन्या यावर स्वतःच्या गुणांच्या अटी लावतात: भौतिकशास्त्र, गणित आणि इंग्रजीत पन्नास टक्क्यांच्या पुढे, कधी त्याहून जास्त. वय आणि किमान उंचीचीही अट असते. जाहिरातीतला आकडा वाचा, मित्राचा ऐकीव नको.

दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट, जन्मतारखेचा दाखला, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, फोटो आणि मेडिकल. राखीव प्रवर्गात असाल तर जातीचा दाखला आणि मध्य प्रदेशचे मूल निवासी प्रमाणपत्र. हे दोन्ही लोकसेवा केंद्रातून निघतात. पावती घ्या. दुकानात ‘दोन दिवसांत करून देतो’ म्हणून मागितलेले जादा पैसे देऊ नका. सरकारी शुल्क किरकोळ आहे आणि केंद्रात लिहिलेले असते.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात नावावर. गुणपत्रिकेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पासपोर्टमध्ये वडिलांचे नाव मधे. आपल्याकडे अर्ध्या घरांत आडनाव मराठी वळणाने लिहिलेले आणि शाळेने हिंदी वळणाने नोंदवलेले असते. दहावीची गुणपत्रिका पाया धरा, बाकी सगळे तिच्याशी जुळवा. आधार दुरुस्ती सोपी आहे, मंडळाच्या गुणपत्रिकेतली दुरुस्ती भोपाळपर्यंत जाते आणि महिने खाते. ही कामे बारावीच्या निकालाची वाट बघत असतानाच काढा.

पासपोर्टचे सर्वसाधारण शुल्क १,५०० रुपये. तत्काळचे २,००० जादा. अपॉइंटमेंट घेताना बालाघाट, जबलपूर, भोपाळ यांत जिथली तारीख लवकर मिळेल ती घ्या. पोलीस पडताळणी स्थानिक ठाण्यातून होते. खाण कंपनीच्या, म्हणजे हिंदुस्थान कॉपरच्या, क्वार्टरमध्ये राहत असाल तर पत्त्याचा पुरावा आधीच तयार ठेवा. क्वार्टर वडिलांच्या नावावर असते, तुमच्या नावाचे वीजबिल नसते.

डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर हा पुढचा टप्पा. सीपीएलच्या परीक्षेला बसायला हा लागतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची मंडळाकडून पडताळणी मागितली जाते, आणि इथे मध्य प्रदेशच्या मुलांचे दिवस जातात. एजंट या एका कामाचे काही हजार घेतात. तुम्ही स्वतः भरू शकता. सायबर कॅफेवाल्याला मात्र पासवर्ड देऊन येऊ नका.

निवड कशी होते

नोंदणी, मग संगणकावरची अभियोग्यता चाचणी, मग गटचर्चा किंवा गटात करायचे काम, मग कंपनीच्या वैमानिकांसह मुलाखत. अर्जापासून निकालापर्यंत दोन ते चार महिने धरून चाला. नोंदणी आणि चाचणीची फी परत मिळत नाही, नापास झालात तरी. पुन्हा बसायला किती महिने थांबावे लागते ते आधी वाचा. काही योजनांत एक वर्षाची बंदी असते, मग घाईने दिलेली पहिली परीक्षा महागात पडते.

चाचणीत पाठांतराचे काही नसते. एका हाताने पडद्यावरचे चिन्ह सांभाळा, कानाने आकडे ऐका, मधेच सोपी बेरीज करा. असल्या गोष्टी. महागड्या कोचिंगची गरज मला तरी दिसत नाही. बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित पक्के करा, तोंडी हिशेब रोज करा, जॉयस्टिकवर सराव करा. खरा अडसर इंग्रजी बोलण्याचा. गटचर्चेत बैहर-मलाजखंडची मुले विषय समजूनही गप्प बसतात आणि शहरातली मुले अर्धे समजून बोलत राहतात. पैसे खर्च करायचेच असतील तर इंग्रजी संभाषणावर करा. पुढे लायसन्ससाठी इंग्रजी प्रावीण्याची वेगळी परीक्षा आणि रेडिओ टेलिफोनीची आरटीआर परीक्षाही द्यायचीच आहे.

फीच्या पत्रकात नसते ते

जाहिरातीतला आकडा हा शिकवणीचा आकडा असतो. तो वाचून झाला की संस्थेला एक ईमेल लिहा आणि पुढच्या प्रत्येक गोष्टीपुढे ‘समाविष्ट’ की ‘वेगळे’ असे लिहून मागा. फोनवरचे उत्तर धरू नका.

पहिली गोष्ट, उड्डाणाचे तास. सीपीएलला डीजीसीएचे किमान दोनशे तास. त्यात शंभर तास स्वतः कमांडर म्हणून, तीनशे सागरी मैलांची एक लांब फेरी, रात्रीची उड्डाणे, उपकरणांवरचे तास. पॅकेज नेमके या किमान तासांवर बांधलेले असते. एखादी चाचणी चुकली, सराव कमी पडला, की जादा तास. प्रत्येक जादा तासाचा दर काय, हे सहीच्या आधी लिहून घ्या. दहा-पंधरा जादा तास लागणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि त्याची किंमत लाखांत जाते.

दुसरी, मुदत. बारा ते अठरा महिने सांगतात. गोंदियाला पावसाळ्यात उड्डाणे रखडतात, हिवाळ्यात सकाळचे धुके असते, विमान दुरुस्तीला जाते, प्रशिक्षक नोकरी बदलतो. दोन वर्षे धरा. वसतिगृह आणि मेस किती महिन्यांचे फीत धरले आहे? त्यापुढच्या प्रत्येक महिन्याचे पैसे वेगळे असतील. कर्जाचे व्याज तर चालूच राहते.

तिसरी, परीक्षा. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के. प्रत्येक पेपरचे शुल्क वेगळे, नापास झालात की पुन्हा. काही मुले प्रवेशाच्या आधीच घरी बसून दोन-तीन पेपर काढतात. मलाजखंडच्या मुलाला हा सगळ्यात स्वस्त शॉर्टकट आहे, आणि तो खरा आहे. पुस्तके दिल्लीहून पोस्टाने येतात, अभ्यास घरी, परीक्षा शहरात. मुलाखतीतही त्याचे वजन पडते.

गणवेश, हेडसेट, टॅबलेट, नकाशे, वैद्यकीय नूतनीकरण, लायसन्सचे शुल्क: प्रत्येक रक्कम छोटी, मिळून दोनेक लाखांच्या आसपास.

आणि टाईप रेटिंग. सीपीएल झाल्यावर एअरबस ए३२० किंवा तत्सम विमानाचे खास प्रशिक्षण लागते. ते सिम्युलेटरवर होते आणि पंधरा लाखांच्या आसपास जाते. कॅडेट योजनेच्या पॅकेजमध्ये ते असेल तर एकूण आकडा मोठा दिसतो. नसेल तर आकडा लहान दिसतो, आणि दोन वर्षांनी तुमच्याकडे पैसे उरलेले नसताना तो खर्च समोर येतो. दोन योजनांची तुलना करताना हे आधी जुळवा.

जीएसटीचे एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२४ च्या ५४व्या जीएसटी परिषदेने स्पष्ट केले की डीजीसीएमान्य संस्थेतल्या मान्य उड्डाण अभ्यासक्रमावर जीएसटी लागत नाही. तरी कोटेशनमध्ये फ्लाइंगच्या फीवर १८ टक्के लावलेले दिसले तर लेखी कारण मागा. साठ लाखांवर ते पावणेअकरा लाखांपेक्षा जास्त होतात. वसतिगृह आणि टाईप रेटिंगचा कर वेगळा असू शकतो, म्हणून बिल घटकांप्रमाणे तोडून मागा.

परदेशी पर्याय घेतला तर यात व्हिसा, विमा, विमानभाडे आणि डॉलरच्या भावाचा चढउतार मिळवा. परत आल्यावर ते लायसन्स भारतीय लायसन्समध्ये बदलून घ्यावे लागते: डीजीसीएचे पेपर, भारतात पुन्हा उड्डाण चाचणी, काही महिने, काही लाख. वर्षाला दहा लाखांच्या वर शिक्षणासाठी पैसे बाहेर पाठवलेत तर बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर अडकतो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

करारात काय वाचायचे

नोकरीच्या पत्रात ‘कंपनीच्या गरजेनुसार’ आणि ‘जागा उपलब्ध असल्यास’ हे शब्द शोधा. जवळजवळ नेहमी सापडतात. म्हणजे तुम्ही सगळे पास होऊनही बसून राहू शकता. किती महिने? त्या काळात उड्डाणाचा सराव टिकवायचा खर्च कोणाचा? विचारा.

बाँड किती वर्षांचा, मोडला तर किती रक्कम, ती दरवर्षी कमी होते का? सुरुवातीच्या लाइन ट्रेनिंगच्या, म्हणजे प्रवासी विमानावरच्या प्रशिक्षणाच्या, महिन्यांत पूर्ण पगार मिळतो की विद्यावेतन? अर्ध्यातून सोडले किंवा काढले तर किती फी परत? मेडिकलमुळे बाद झालात तर?

कंपनीच बंद पडली तर काय, हेही विचारा. प्रश्न कल्पनेतला नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दोन्ही मोठ्या कंपन्या होत्या. तुमचे पैसे प्रशिक्षण संस्थेच्या खात्यात आहेत की कंपनीच्या, आणि प्रशिक्षण थांबले तर उरलेल्या तासांचे पैसे परत येतात का, हे करारात असले पाहिजे. सगळी फी एकदम भरायला सांगणाऱ्या संस्थेपासून लांब राहा. उड्डाणाच्या टप्प्याप्रमाणे हप्ते मागा.

संस्थेची तपासणी तुम्हीही करू शकता. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ ला फ्लाइंग स्कूलची पहिली श्रेणीयादी जाहीर केली. ३५ संस्था, त्यांत वरच्या श्रेणीत एकही नाही, १३ ‘बी’मध्ये, २२ ‘सी’मध्ये. यादी दर सहा महिन्यांनी नवी येते. तुमची संस्था कुठे आहे ते बघा. मग प्रत्यक्ष जा. अपॉइंटमेंट घेऊन जा आणि तीनच गोष्टी विचारा: आज उडण्याच्या स्थितीत किती विमाने आहेत, प्रशिक्षक किती, आणि मागच्या तुकडीला दोनशे तास पुरे व्हायला किती महिने लागले. ऑफिसच्या बाहेर चहा घेत उभ्या असलेल्या मुलांनाही हाच तिसरा प्रश्न विचारा. उत्तर वेगळे येईल.

कर्ज

हा मलाजखंडमधला खरा पेच. शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे साडेसात लाखांच्या वर तारण लागते. आणि हिंदुस्थान कॉपरचे क्वार्टर कंपनीचे आहे, ते गहाण टाकता येत नाही. बैहर भाग अनुसूचित क्षेत्र आहे. आदिवासी कुटुंबाच्या जमिनीच्या हस्तांतरावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि बँका अशी जमीन तारण घ्यायला कचरतात. उरते ते बालाघाट, गोंदिया किंवा नागपूरला घेऊन ठेवलेले घर किंवा प्लॉट. तो वडिलांनी निवृत्तीनंतर राहायला घेतलेला असतो, क्वार्टर सोडावे लागणार म्हणून. तो गहाण पडला आणि हप्ते थकले तर कुटुंबाकडे दुसरे छप्पर नाही. आई-वडिलांशी हे बोलून मगच कागदावर सही घ्या.

बँक सहकर्जदार म्हणून वडिलांचे वय बघते. निवृत्तीला तीन-चार वर्षे उरली असतील तर कर्ज कमी मिळते किंवा जास्त तारण मागितले जाते. दोन-तीन बँकांत अर्ज करा आणि लेखी मंजुरी हातात येईपर्यंत संस्थेत बयाणा भरू नका.

हिशेब असा. एक कोटी कर्ज, अकरा टक्के व्याज, पंधरा वर्षे: महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख १४ हजार. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली, दोन वर्षे हप्ता लांबला आणि सरळ व्याज मुद्दलात मिळाले, तर कर्ज एक कोटी बावीस लाख आणि हप्ता सुमारे १ लाख ३९ हजार. टप्प्याटप्प्याने उचलले तर बोजा कमी. शक्य असेल तर प्रशिक्षणाच्या काळातच व्याज भरत राहा. नोकरी सहा महिने उशिरा लागली तर हे हप्ते कोण भरणार, त्या माणसाचे नाव आज ठरवा.

प्राप्तिकराच्या कलम ८०ई खाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, पण जुन्या कररचनेतच. पीएम विद्यालक्ष्मीचे विनातारण कर्ज राष्ट्रीय मानांकनातल्या निवडक उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे, फ्लाइंग स्कूल त्यात शोधत बसू नका. भविष्य निर्वाह निधीतून मुलांच्या शिक्षणासाठी रक्कम काढता येते. काढता येते म्हणून सगळी काढू नका.

शिष्यवृत्त्यांचे थोडक्यात. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत सीपीएल बसते, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. खाणीतल्या कायम कामगाराचे घर त्यात बसत नाही, ठेकेदाराकडच्या मजुराचे बसू शकते. नागपूरच्या महाज्योतीने इतर मागासवर्गीय मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे, पण ती महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्यांसाठी. घरात मराठी बोलता म्हणून चालत नाही. मामाच्या गोंदियाच्या पत्त्यावर दाखला काढून देतो म्हणणारे भेटतील. खोट्या अधिवासावर घेतलेला लाभ वसूल होतो आणि गुन्हाही दाखल होतो.

विमा विसरू नका. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान आपल्याच बालाघाट जिल्ह्यात, भक्कूटोल्याच्या जंगलात कोसळले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघांचा मृत्यू झाला. संस्था विद्यार्थ्याचा अपघात विमा किती रकमेचा काढते ते विचारा. कर्जाइतक्या रकमेचा वेगळा विमा घ्या, आणि पॉलिसीत प्रशिक्षण उड्डाण वगळलेले नाही हे वाचून घ्या. अनेक साध्या पॉलिसींत ते वगळलेले असते.

अर्ध्या खर्चाचे आणि बिनखर्चाचे रस्ते

कॅडेट योजनेत नंबर लागला नाही, किंवा कोटीचा आकडा घराला झेपत नसेल, तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. सरकारी संस्था, फी ४५ लाखांच्या आसपास आणि वरचा किरकोळ खर्च, राखीव जागा, बारावीच्या पातळीची ऑनलाइन परीक्षा. सर्वसाधारण प्रवर्गाला इंग्रजी, भौतिकशास्त्र, गणितात ५० टक्के आणि उंची किमान १५८ सेंटीमीटर. अर्जाचेच शुल्क १२ हजारांच्या घरात आहे, तेव्हा तयारी झाल्यावरच भरा. नोकरीचे पत्र इथे मिळत नाही, टाईप रेटिंगही वेगळे. पण कर्ज निम्मे, आणि निम्म्या कर्जावर तुम्ही कुठल्याही कंपनीच्या भरतीला मोकळे असता. माझे मत विचाराल तर तारण नसलेल्या घराने आधी इथे प्रयत्न करावा.

आणि सगळा खर्च दुसऱ्याने करण्याची भारतातली योजना हवाई दलाची आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, परीक्षा वर्षातून दोनदा होते, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलेल्यांना हवाई दलाची शाखा मागता येते, मुलींनाही. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणून बारावीच्या वर्षातच विचार करा. नागपूर, जबलपूर, रायपूर ही केंद्रे जवळची. वैमानिकपदाची अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, ती सराव म्हणून देऊ नका. प्रशिक्षणाला पैसे लागत नाहीत, पुढे अनेक वर्षे सेवा करावी लागते. अर्जाचे शुल्क १०० रुपये, मुली आणि अनुसूचित जाती-जमातींना तेही माफ. कॅडेट योजनेचा फॉर्म उघडाल त्याच आठवड्यात हाही भरा.